एकवीस द्रोण माती

जयवंतावहिनींनी आयुष्यात कधी शिळी भाजी विकली नाही आणि माझं कधी कौतुक केलं नाही. दोन्ही बाबतींत त्या फार काटेकोर होत्या.

त्यांचा नवरा रामाजी माझा बालमित्र. भीमपूरकडच्या एकाच गल्लीत आम्ही विटीदांडू खेळलो. मी शिकून बी.एस्सी. झालो आणि आदिलाबादला एका माती परीक्षण केंद्रात चिकटलो. रामाजी शिकला नाही, पण बैलगाडी घेऊन माझ्याआधी दोन वर्षं शहरात पोचला. शहराबाहेर नाल्याकाठी त्यानं बटाईनं एक तुकडा घेतला आणि त्यात वहिनींनी भाजी लावली. म्हणजे कागदावर शेती रामाजीची. तो पाणी दे म्हटलं की पाणी द्यायचा आणि थांब म्हटलं की थांबायचा.

बाजारात वहिनी ओरडत नसत. पोस्टाच्या भिंतीला टेकून मुकाट बसायच्या, आणि गिऱ्हाईक आपल्या पायानं यायचं. तेलुगू बायका त्यांना जयवंतम्मा म्हणत. माझी बायको तर दुसऱ्या टोपलीकडे बघतसुद्धा नसे. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी घ्यायला ती मला अर्धा मैल पिटाळायची, आणि वहिनी मला बघून म्हणायच्या, 'साहेब आले, बाजूले व्हा.' साहेब हा शब्द त्या अशा काही उच्चारत की आपण शिपाई असल्यासारखं वाटावं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात नाल्याकाठच्या जमिनीच्या मालकानं प्लॉट पाडले आणि वहिनींचा तुकडा गेला. पोस्टाची भिंत होती, गिऱ्हाईक होतं, नुसती जमीनच नव्हती. त्याच सुमारास माणिकराव नावाच्या व्यापाऱ्यानं त्यांना बोलावणं धाडलं. माणिकरावांच्या वडिलांचा कापसाचा जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना सहा वर्षांपासून बंद पडला होता. कारखान्यामागचं दोन एकर आवार काटेरी बाभळींनी भरलं होतं आणि त्यात लोक हळूहळू झोपड्या टाकू लागले होते. माणिकरावांना ते नको होतं. त्यांनी सांगितलं, आवार साफ करा, हवी ती भाजी लावा, मला घरापुरती द्या. अट एकच: दरवर्षी दसऱ्याला मी येईन, जमीन ओसाड दिसली तर काढून घेईन.

वहिनींना आनंद झाला, पण त्या आनंदानं वेड्या होणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या जमिनीत कारखान्यानं तीस वर्षं काय काय ओतलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. इंजिनाचं काळं तेल, बॉयलरची राख, गंजलेले पत्रे, सडलेली सरकी. त्यातून तिथं माती कमी, खडी जास्त. तिला खत लागणार होतं गाड्या गाड्या, आणि एवढं फुकट खत एकाच ठिकाणी मिळायचं: गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात. शहराचा कचरा तिथं दोन दोन वर्षं कुजायचा आणि ज्याला पाहिजे त्यानं काळंभोर खत गाडीत भरून न्यावं, अशी मुभा होती. बरेच शेतकरी नेत. त्यात बांगड्यांच्या काचा निघत, ब्लेडं निघत, एकदा एकाला कुलूप निघालं होतं, किल्लीसकट.

रामाजीनं बाभळी तोडल्या आणि पंचवीस गाड्या खत आणून फाटकाच्या बाजूला टाकलं. मग वहिनी माझ्या दफ्तरात आल्या. पायऱ्यांवर उभं राहूनच बोलल्या.

"भाऊजी, ह्या मातीत लावलेलं लोकायनं खाल्लं तं चालन का, येवढं पाहून द्या."

मी म्हटलं, त्यात काय, उद्याच येतो. आणि दुसऱ्या दिवशी गेलोही. आता माझं पाप सांगतो. नियमाप्रमाणे सबंध आवारात नागमोडी फिरून पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यायची असते. पण मागच्या अंगाला तोडलेल्या बाभळींचे काटे पसरले होते आणि मी त्या दिवशी नवी पँट घातली होती. फाटकाजवळून तीन पुड्या माती घेतली आणि परत फिरलो. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. पण ती एका भांड्यात शिजलेल्या भाताची. दोन एकरांचं भांडं नसतं. शिवाय आमच्या केंद्रात आम्ही मातीला चारच गोष्टी विचारायचो: आंबट आहेस की खारट, सेंद्रिय किती, स्फुरद किती, पालाश किती. तेलाचं किंवा विषाचं विचारायची सोयच नव्हती. फाटकाजवळच्या मातीनं चारही उत्तरं छान दिली. मी छापील कागदावर 'लागवडीस योग्य' लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि वहिनींच्या हातात दिला. त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला आणि पोलक्यात खोचला. कौतुक अर्थातच केलं नाही.

पोळ्यानंतर त्यांनी फाटकाच्या बाजूला मेथी, पालक, सांबार टाकला. काय उठाव घेतला म्हणता. दसऱ्याच्या सुमारास पहिली तोड निघणार होती आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

मग नवरात्र आलं. आमच्याकडं घरोघर घट बसतो. टोपलीत माती, मातीत धान्य, मधे पाण्याचा कलश, रोज एक माळ. माती मात्र वाटेल तिथली चालत नाही. आपण जे रान कसतो त्याच रानाची लागते, कारण घट कसा उगवतो त्यावरून वर्ष कसं जाणार ते बघायचं असतं. वहिनींचं रान आता माणिकरावांचं आवार होतं. रामाजीनं तिथून दोन घमेली माती आणली. रामाजीची आई बयनाबाई या शास्त्रातल्या सगळ्यात जाणत्या. गल्लीतल्या बायका घट दाखवायला त्यांच्याकडेच येत. त्यांनी स्वतःच्या हातानं ज्वारी आणि गहू पेरला.

चौथ्या माळेला मी त्यांच्याकडे गेलो तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. घटाची उजवी बाजू बोट बोट उगवली होती. डावीकडे साफ टक्कल.

बयनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकेकाकडे पाहत विचारलं, "कोनाचा इटाळ लागला घटाले?"

सून म्हणाली माझा नाही, मुलगा म्हणाला माझा नाही. आणि मी, बी.एस्सी. अ‍ॅग्रिकल्चर, द्वितीय श्रेणी, मान खाली घालून उभा राहिलो. कारण दुसऱ्या माळेच्या दिवशी मी स्टेशनाजवळच्या हॉटेलात आमलेट खाल्लं होतं आणि तसाच येऊन घटापुढचा दिवा सारखा केला होता. डाव्याच बाजूनं. मी कबूल करून टाकलं. कुठल्याही परीक्षेत एवढ्या प्रामाणिकपणे मी उत्तर दिलेलं नाही. बयनाबाईंनी मला विहिरीवर आंघोळ घातली, नारळ फोडायला लावला, आणि टकलावर नवं धान्य भिजवून पेरलं. आपल्या एका आमलेटानं एका घराचं वर्ष बुडवलं, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

सहाव्या माळेला पाहिलं, तरी टक्कल तसंच. धान्य फुगलं होतं, पण मोड काळा पडून जिरला होता. बयनाबाई रडायला लागल्या. मीही रडण्याच्या बेतात होतो. वहिनी मात्र घटाजवळ उकिडव्या बसल्या, डाव्या बाजूची चिमूटभर माती बोटांत चोळली, नाकाजवळ नेली, आणि रामाजीला विचारलं की दोन घमेली कुठून कुठून भरली.

रामाजीनं डोकं खाजवलं. एक फाटकापासलं. दुसरं मागं, जिथं इंजिन होतं त्या ओट्यापासलं. तिथं माती भुसभुशीत होती, खोदायला त्रास नव्हता. आळशी माणसाचा हात कुठं वळतो हे त्याच्या बायकोला काय सांगायचं.

वहिनींनी ती चिमूट माझ्या नाकापुढे धरली. इंजिनाच्या तेलाचा वास येत होता. माझं आमलेट निर्दोष सुटलं, पण आनंद व्हायच्या आधीच मला फाटकाजवळच्या तीन पुड्या आठवल्या. मी तिथंच सगळं सांगून टाकलं, काटे, पँट, सगळं. रामाजी हसला, तेवढंच.

त्याच दुपारी वहिनींनी पळसाचे एकवीस द्रोण लावले. मला बरोबर घेऊन आवारात गेल्या, आणि या वेळी मी काट्यांतून चाललो. कोपरा, ओटा, राखेचा ढीग, फाटक, भिंतीकडेचा उतार. एकवीस जागा, एकवीस मुठी माती, प्रत्येक द्रोणाला एक खुणेचा खडा. ओसरीवर ओळीनं मांडून प्रत्येकात भिजवलेल्या ज्वारीचे पन्नास दाणे पेरले. दाणे मोजायचं मी सुचवलं. शिक्षणाचा तेवढाच उपयोग.

गल्लीत बोभाटा झाला. घरोघर एक घट, हिच्या ओसरीवर एकवीस. बयनाबाईंना ते मुळीच पटलं नाही. देवीची परीक्षा घेतेस का, असं त्यांनी चारचौघांत सुनेला विचारलं.

"देवीनंच आदी दाखवलं, आत्याबाई," वहिनी म्हणाल्या. "मी फकत पुसून राह्यली, आनखी कुठं कुठं."

दुसऱ्या दिवसापासून द्रोणांवर पाणी बयनाबाईच शिंपडू लागल्या, आणि कोणता द्रोण मागे पडतोय याची बातमी मला त्यांच्याकडूनच मिळू लागली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी द्रोण मोजले. मागच्या अंगाच्या सात द्रोणांत दोन-चार कोंब, तेही मरतुकडे. पुढच्या चौदांत मात्र दाट कोंब. खताच्या जागी तर सगळ्यात जोमदार. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, बस, मागची पट्टी सोडा, पुढची मेथी उद्या बाजारात न्या. माणिकराव उद्याच येणार होते. हिरवंगार आवार बघून खूश होतील, तुमची पोस्टाची भिंत परत चालू होईल.

वहिनी उठल्या आणि घराच्या मागून एक पोतं ओढत घेऊन आल्या. खत टाकताना त्यांनी ते सगळं गवंड्याच्या रेतीच्या चाळणीतून काढलं होतं, आणि चाळणीवर राहिलेलं एकूण एक ठेवून दिलं होतं. काच मी धरूनच चाललो होतो. पण पोत्यात अर्ध्याहून जास्त होते बॅटरीचे फुटके सेल, आणि लॉऱ्यांच्या बॅटऱ्यांतल्या शिशाच्या, पांढऱ्या पडलेल्या पट्ट्या. हात लागला की भुकटी व्हायची.

"हे चाळनीवर राह्यलं ते," त्या म्हणाल्या. "जे खाली गेलं, ते कुठं हाये?"

मी म्हटलं, पण वहिनी, उगवलं तर आहे ना चांगलं.

"उगवते म्हनून खाव, असं हाये का? धोतरा बी उगवते."

माझ्या केंद्राच्या चार प्रश्नांत हा प्रश्न नव्हता, आणि कॉलेजच्या चार वर्षांत कोणी विचारला नव्हता. ज्वारी फक्त एवढं सांगत होती की ती स्वतः जगली. खाणाऱ्याचं काय, हे तिला माहीत नव्हतं. आणि मेथीनं जमिनीतून काय उचललं, हे सांगू शकेल असं यंत्र हैदराबादशिवाय कुठं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मेथी उपटली. गुडघाभर खड्डा करून इंजिनाच्या ओट्याशेजारी पुरली, पालक आणि सांबारसकट. मला ते बघवलं नाही. सहा महिन्यांची मेहनत होती, आणि पोस्टाच्या भिंतीला एव्हाना दुसरी एक बाई टेकून बसायला लागली होती. वहिनींचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण त्यांनी वरून माती पायानं दाबून घट्ट केली.

संध्याकाळी माणिकराव आले, तेव्हा दोन एकर काळं आवार उघडं पडलेलं. ते भडकायच्या बेतात होते. वहिनींनी त्यांना पोतं दाखवलं, द्रोण दाखवले, आणि सांगितलं की पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबा. ह्या जमिनीत असं लावते की जे माणसं हौसेनं घेतील आणि कोणी तोंडात घालणार नाही. माणिकराव व्यापारी असले तरी भला माणूस. त्यांच्याही घरी मेथी जाणारच होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी एक वर्ष मंजूर केलं.

वहिनींनी झेंडू लावला.

मला वाटतं, झेंडूएवढं उदार झाड दुसरं नाही. पहिल्या हिवाळ्यात थोडा लावून पाहिला. पावसाळ्यात फाटकापासून ओट्याच्या अलीकडपर्यंत सगळं आवार भरून टाकलं. आणि आमच्या आदिलाबादेत आमचं नवरात्र आणि तेलुगू बायकांची बतुकम्मा एकाच वेळी येते. बतुकम्मा म्हणजे ताटात फुलांची चढती रास रचायची, तिच्याभोवती टाळ्या देत गाणी म्हणायची, आणि शेवटच्या दिवशी ती तळ्यात सोडायची. नऊ दिवस, घराघरात. तोवर या बायका रानोमाळ फुलं शोधत फिरायच्या. अठ्ठ्याऐंशी साली कोणी तरी बातमी नेली की जिनिंगच्या आवारात बंती फुलली आहे. बंती म्हणजे त्यांचा झेंडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर रांग. रेशमी परकर, ओल्या वेण्या, पितळी ताटं, आणि सगळ्या एकदम बोलणाऱ्या. रामाजी फुलं तोडून तोडून पिवळा झाला. बयनाबाई खुर्ची टाकून हार ओवायला बसल्या आणि कोणाचं ताट कसं रचावं याचे सल्ले मराठीतून देऊ लागल्या. तेलुगू बायका ते ऐकून मान डोलवत आणि आपल्याला हवं तसंच रचत. शेवटच्या दिवशी तर आवारातच फेर धरला. वहिनींना कोणी तरी हाताला धरून ओढलं. मी त्यांना त्याआधी नाचताना पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. टाळी दर वेळेला उशिरा पडत होती, पण चेहरा असा उजळला होता की मी फाटकाबाहेरच उभा राहून बघत राहिलो.

मला आपलं शास्त्र सुचलंच. फेर संपल्यावर मी शंका काढली: ही फुलं तळ्यात जाणार, मग तळ्यातल्या मासोळ्यांचं काय. वहिनींना दम लागला होता. म्हणाल्या, "आता मासोळ्यायचं तुमी पाहा."

माणिकराव दसऱ्याला सहकुटुंब आले. मी हिरवं करा म्हटलं होतं, हे तर पिवळं केलं, एवढीच तक्रार त्यांनी केली. आणि त्यांच्या बायकोनं ओटीभर झेंडू नेला.

मासोळ्यांचं मी पाहिलं नाही, पण दुसरं एक केलं. एकवीसही जागांची माती, खत आणि मुद्दाम वाढवलेली चार रोपं मेथी वाळवून मी हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. दरखास्त साहेबांनी दोनदा परत केली, तिसऱ्यांदा सही झाली. उत्तराला चौदा महिने लागले. मागच्या पट्टीत तेल होतं, ते घटानं सांगितलंच होतं. पण शिसं सगळ्यात जास्त सापडलं ते पुढच्या बाजूला, खताच्या जागी, जिथं ज्वारी सगळ्यात जोमदार होती. मेथीच्या पानांतही सापडलं. जिथली भाजी मी बाजारात न्या म्हणालो होतो, तिथली. कागद खिशात घालून मी सायकल काढली आणि जाऊन वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी पुढं काय करायचं एवढंच विचारलं.

पुढं त्यात उपायही लिहिला होता. वरची वीतभर माती खरवडून काढा, नवी माती भरा, कचऱ्याचं खत टाकू नका. चार उन्हाळे रामाजीची गाडी तळ्यातला गाळ वाहत राहिली. खरवडलेली माती ओट्यावर टाकून त्यावर बांबू लावला. शेण गोठ्यातलं आणलं, झेंडूची वाळकी झाडंसुद्धा त्या नव्या वाफ्यांत जाऊ दिली नाहीत. लोक म्हणत, फुलं एवढी चालतात, कशाला भाजीचा हट्ट. वहिनी म्हणायच्या, फूल दोन दिवसांत कोमेजते, भाजी अंगी लागते. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात मी परत माती आणि पानं पाठवली, या खेपेला नागमोडी फिरून, जुनी पँट घालून. उत्तर दोनच महिन्यांत आलं: पालेभाजी घेण्यास हरकत नाही. त्या दिवशी मी केंद्रात पेढे वाटले. साहेबांनी विचारलं, मुलगा झाला का.

मला वाटलं दुसऱ्याच दिवशी मेथी बाजारात येईल. आली नाही. महिना गेला, दोन गेले, तीन गेले. विचारलं की वहिनी म्हणायच्या, येईन, घाई काय हाये.

आणि चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, एका मंगळवारी, त्या पोस्टाच्या भिंतीला येऊन बसल्या. सात वर्षांनी. टोपलीत मेथी, पालक, सांबार, दंवानं भिजलेला. मी दफ्तर सोडून गेलो. माझ्याआधी रेणुकाबाई मास्तरीण उभ्या होत्या, वहिनींच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी मेथीची जुडी उचलली, आणि परत टोपलीत ठेवली. म्हणाल्या, पोरगी बाळंत झालीये, नातू पंधरा दिवसांचा आहे, तो तिच्याच अंगावर पितो. त्या आवाराचं मी ऐकलं होतं. तिला घालू का ही?

आजूबाजूच्या बायकांनी कान टवकारले. मी पुढं होऊन हैदराबादच्या कागदाचं सांगणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या,

"घाला. तीन महिने झाले, मी हेच खाऊन राह्यली. दोन्ही टायमाले."

रेणुकाबाईंनी चार जुड्या पिशवीत टाकल्या आणि गेल्या. मी मात्र संतापलो. शिसं काही तीन महिन्यांत कळत नाही, त्या खाण्याला शास्त्र म्हणून काडीचा अर्थ नव्हता, आणि हैदराबादची एवढी मोठी प्रयोगशाळा हरकत नाही म्हणत असताना हा उपद्व्याप सांगितला कोणी. मी हे सगळं त्यांना सुनावलं, भर बाजारात.

त्या जुड्या सारख्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कागद तं तुमचा बी होता, भाऊजी."

त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. माझा कागद चुकला तेव्हा ज्यानं खाल्लं असतं ते गिऱ्हाईक होतं. या वेळी कागद चुकला असता तर आधी त्या सापडल्या असत्या. मी तिथंच उभा राहिलो, आणि बायका यायला लागल्या. जयवंतम्मा, जयवंतम्मा करत. एकीनं दुसरीला कोपरानं ढकललं. कोणी सांबाराचा वास घेतला, कोणी पालक छातीशी धरला. वहिनी मला म्हणाल्या की उभे हाये तं जुड्या द्या, आणि मी सरकारी नोकर, दफ्तराच्या वेळेत, दोन्ही हातांनी मेथी वाटू लागलो. दहा वाजायच्या आत टोपली रिकामी झाली. शेवटची जुडी मी स्वतः एका अनोळखी बाईच्या हातात दिली, आणि मग ध्यानात आलं की आपल्यासाठी एकही ठेवली नाही.

घरी बायको दारातच पिशवीकडे हात करून उभी. मेथी कुठंय म्हणाली. मी म्हटलं, संपली. आणि मला हसू आवरेना.